खांबामागची गल्ली

सहाव्या गल्लीत स्वतःहून कुणी जात नाही. छप्पर नेमकं तिथेच गळतं, जमिनीवरचं तरट कायम ओलसर, वाळूच्या पिशवीला कुबट वास, आणि पाचवी-सहावीच्या मध्ये एक जाडजूड खांब. जागा मुळात गोदामाची. पुढे गोदाम गेलं, गोळीबाराच्या सरावाची रेंज आली, खांब मात्र हलला नाही. त्याच्यामागे पालथा पडलेला माणूस कुणाला दिसत नाही. म्हणून ती शिक्षेची गल्ली.

आणि दरवर्षी चाचणीच्या दिवशी ती शिक्षा उचापतला व्हायची.

उचापत म्हणजे कॅश व्हॅनवरचा गार्ड. पंचेचाळिशी ओलांडलेली, पोट सुटलेलं, मिशी रंगवलेली, आणि डोळ्यांत कायम आत्ताच कुणाची तरी चप्पल लपवून आल्याचा भाव. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, बाकी सगळीकडे उचापत. एका वर्षी त्यानं उस्तादांच्या दुर्बिणीच्या कडांना बुटाचं पॉलिश लावलं. उस्ताद म्हणजे रेंजवर शिकवणारे, चाचणी घेणारे, आणि कुणाच्या हातात बंदूक द्यायची ते ठरवणारे. ते दिवसभर डोळ्यांभोवती काळी कडी घेऊन फिरले, वरच्या साहेबांशीही तसेच बोलले. दुसऱ्या एका वर्षी त्यानं उस्तादांच्या खुर्चीचा एक पाय बोटभर कापून ठेवला. उस्ताद दिवसभर डुलले आणि संध्याकाळी स्वतःची कंबर दाखवायला डॉक्टरकडे गेले. प्रत्येक वेळी गर्जना ठरलेली.

"उचापत, ऊठ. जा सहावीत मर."

मग हा मान खाली घालून, गालातल्या गालात हसत, रायफल उचलून खांबामागे जायचा. तिथे गेला की हसू पुसायचा. एकदा मागे वळून बघायचा. आणि रायफल डाव्या खांद्याला लावायचा.

कारण उचापत डावा होता. आणि उस्तादांच्या रेंजवर डावा चालत नव्हता.

यात उस्तादांची काही खुन्नस नव्हती. रायफल बनवणाऱ्यानं बोल्ट उजव्या अंगाला लावलेला असतो. एक गोळी झाडली की तो दांडा वर उचलायचा, मागे ओढायचा, रिकामी पुंगळी बाहेर उडते, मग पुढे ढकलून खाली दाबायचा. उजव्या माणसाचा हात तिथेच असतो. डाव्याला रायफलवरून हात पलीकडे टाकावा लागतो, जसं जेवताना दुसऱ्याच्या ताटापलीकडचं मीठ घेतात तसा. तोवर नेम गेला, वेळ गेली, अब्रूही गेली. म्हणून उस्तादांचा नियम साधा. उजवा असेल तो व्हॅनवर, डावा असेल तो गेटवर, काठी घेऊन.

उचापत नोकरीला लागला त्याच आठवड्यात एका डाव्या पोराला सगळ्यांनी 'उलटा स्क्रू' म्हणून म्हणून पळवून लावलं होतं. उचापत त्यात सगळ्यात मोठ्यानं हसला होता. आणि हसता हसता त्यानं आपली रायफल गुपचूप उजव्या खांद्यावर घेतली होती.

पुढे खांबामागे त्याचं त्यानंच एक तंत्र शोधून काढलं. नळी वाळूच्या पिशवीवर टेकलेली असते, मग उजव्या हाताला तिथे काम काय? तो मोकळाच की. डावा हात घोड्यावरून हलवायचा नाही, गाल दस्त्यावरून उचलायचा नाही, उजव्या हातानं बोल्ट फिरवायचा. खट खट, खट खट. उजव्या माणसांना प्रत्येक वेळी घोड्यावरचा हात सोडून बोल्टकडे न्यावा लागतो, ह्याला तेवढंही नाही. खोटं कशाला बोला, तो बाकीच्यांच्या आधी मोकळा व्हायचा आणि उरलेला वेळ नुसता खांबाचे पोपडे बघत पडायचा. भानगड एकच. गरम पुंगळी कधीकधी उडून थेट उजव्या बाहीत शिरायची. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, एक गोल तपकिरी डाग त्याला कायमचा पडला होता.

घरी बायकोला सगळं ठाऊक होतं. ती म्हणायची, "दाढी डाव्या हातानं, दाराची कडी डाव्या हातानं, मला खुणावणं डाव्या हातानं. तुमचा उजवा हात नुसता सही करायला ठेवलाय का?"

"त्याला पगार कमी आहे," उचापत म्हणायचा.

यंदा रेंजवर शिलाईबाई आल्या आणि त्याची गंमत नासली.

बाईंनी बरीच वर्षं एका शिलाईच्या कारखान्यात काढली होती, तो बंद पडला म्हणून इकडे आल्या. चाळिशीच्या आसपास, उंच, कमी बोलणाऱ्या. चाचणी पास झाल्या तर व्हॅनवर पक्क्या, नाहीतर गेटवर. गेटवर त्यांना नको होतं, कारण गेटची पाळी फिरती. घरी सासरे अंथरुणाला खिळलेले, नवरा रात्रपाळीला. व्हॅन सकाळी निघते, संध्याकाळी परत येते. त्यांना व्हॅनच हवी होती, आणि हे त्यांनी पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं होतं.

आता बाई डाव्या. पहिल्या सरावाला त्यांनी रायफल डावीकडे लावली आणि हात वरून टाकून बोल्ट ओढला. पुंगळी नळीखाली धरलेल्या उजव्या हाताच्या बाहीत शिरली, बाई दचकल्या, आणि उस्ताद ओरडले. "बाई, इथे उलटं शिवायचं नाही. उजव्या खांद्याला घ्या." बाईंनी घेतली. पण त्यांचा खरा डोळा डावा. उजवीकडून नेम धरायला मान अशी वाकडी करावी लागायची की बघणाऱ्याची मान दुखावी. गोळ्या मातीच्या ढिगात.

त्या दुपारी चहाच्या खोलीत उचापतनं झाडू उचलला. खांद्याला लावला, मान वाकडी केली, चुकीचा डोळा मिटला, मग बरोबर डोळा मिटला, मग दोन्ही मिटले आणि म्हणाला, "उस्ताद, आता अंधार पडला, उद्या मारते."

खोली हसून लोळायची बाकी राहिली. पेलवानच्या नाकातून चहा आला. पेलवान हा उचापतचा व्हॅनमधला जोडीदार, काडीसारखा बारीक, म्हणूनच पेलवान. दारात बाई उभ्या होत्या. त्यासुद्धा थोडं हसल्या, पाहुण्यांच्या घरी नावडती भाजी वाढल्यावर हसतात तेवढंच.

नंतर उचापत नळाखाली कप धूत होता. बाह्या वर केलेल्या. शेजारच्या नळावर बाई आल्या. बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत राहिल्या.

"दादा, तुम्ही डावे ना?"

"कोण म्हणतं?"

"तो डाग."

"इस्त्रीचा चटका आहे हो तो. बायकोनं एकदा शर्ट समजून मलाच इस्त्री केली."

बाई हसल्या नाहीत. "इस्त्रीचा चटका मला ओळखू येतो. माझे दोन्ही हात भरलेत त्यांनी. तो लांब असतो, टोकदार असतो. हा गोल आहे." आणि त्यांनी आपली उजवी बाही वर सरकवली. मनगटाच्या वर, आतल्या बाजूला, तसाच गोल. त्यांचा अजून लाल होता.

उचापतनं कपात बघितलं. कप कधीच स्वच्छ झाला होता.

"मला एवढंच सांगा," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही हात कुठे ठेवता. मी कुणाला बोलणार नाही."

एक वाक्य होतं. डावा हलवू नका, उजव्यानं बोल्ट फिरवा. कप पुसता पुसता सांगून झालं असतं. तेवढ्यात पेलवान नाक पुसत आत आला, आणि उचापतच्या तोंडून आपोआप निघालं, "बाई, मी उजवाच आहे. अगदी सरळमार्गी माणूस. विचारा ह्याला."

"हा? सरळ?" पेलवान म्हणाला. "हा जन्मला तोच आडवा."

बाईंनी बाही खाली केली, बटण लावलं आणि गेल्या. उचापतनं तो कप परत एकदा धुतला.

चाचणीच्या सकाळी तो घरी बंदूक पुसायच्या पिवळ्या कापडाचा तुकडा कापत बसला होता. उस्तादांची शिट्टी रात्रभर रेंजच्या ऑफिसात खिळ्यावर लटकलेली असते, ते यायच्या आधी तिच्यात चिंधी कोंबायची असा यंदाचा बेत. उस्ताद गाल फुगवून फुंकणार आणि आवाज येणार फुस्. मग गर्जना, मग सहावी गल्ली, मग खांब.

बायकोनं वाकून बघितलं. "कापलंत की चावलंत? उंदीर लागल्यासारखं दिसतंय."

"कात्रीला धार नाही."

"कात्रीला आहे. ती उजव्या हाताची आहे."

त्यानं चिंधी खिशात टाकली. रेंजवर सगळ्यांच्या आधी पोचला, काम फत्ते केलं आणि बाहेर येऊन निरागस चेहऱ्यानं चहा प्यायला.

उस्ताद आले. शिट्टी गळ्यात घातली. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि नेहमीसारखी गर्जना न करता बोलायला लागले. दुसऱ्या एका रेंजवर गेल्या महिन्यात कुणाच्या तरी थट्टेपायी एक माणूस जखमी झाला होता. "तेव्हा यंदा गंमत बंद," उस्ताद म्हणाले. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही, सगळ्यांनी मात्र उचापतकडे बघितलं. "आज जो कुणी खोडी काढेल त्याची चाचणी नाही. सरळ गेट. मी हातापाया पडू देणार नाही."

शिट्टी उस्तादांच्या छातीवर डुलत होती. तिच्याकडे बघून उचापतला वाटलं, पळत जाऊन हिसकावून घ्यावी आणि गिळून टाकावी.

उस्तादांनी ती तोंडाला लावली. फुस्.

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. उस्तादांनी शिट्टीत बघितलं, पिन घालून पिवळी चिंधी ओढून काढली. अर्धी आली, अर्धी आतच राहिली.

"हे कापड कुणाकडे असतं?"

सगळ्यांना माहीत होतं कुणाकडे असतं. शिवणकाम येतं म्हणून पुसायच्या चिंध्या कापायचं काम आठवडाभर शिलाईबाईंकडे होतं. पत्र्याच्या डब्यात चौकोनी तुकडे रचून ठेवलेले असायचे, बिस्किटांसारखे.

"बाई, ही तुमच्या डब्यातली?"

बाई पुढे आल्या. चिंधी हातात घेतली, कडेवरून अंगठा फिरवला. मग मान वर करून त्यांनी उचापतकडे बघितलं. फार वेळ नाही. सुईत दोरा गेला की नाही ते बघायला लागतो तेवढाच वेळ.

"कापड तेच आहे," त्या म्हणाल्या.

आता बोल, असं उचापतचं मन म्हणत होतं. त्याच्या जिभेनं ते ऐकलं आणि ती टाळूला चिकटून बसली.

"तुम्ही नवीन आहात," उस्ताद म्हणाले. "शिट्टी तुमच्या डब्याशेजारीच टांगलेली असते. खोडी नाही म्हणत, हलगर्जीपणा म्हणतो. पण आज नापास झालात तर मला काही सांगायला येऊ नका. सहाव्या गल्लीत जा." मग बोट उचापतकडे फिरलं. "आणि तू कुठे चाललास? तू इथे. माझ्या खुर्चीसमोर. पहिल्या गल्लीत."

उचापत पहिल्या गल्लीत पालथा पडला. तरट कोरडं होतं, वाळूची पिशवी घट्ट, उजेड भरपूर. इतकी चांगली जागा त्याला आयुष्यात मिळाली नव्हती. मागे हातभर अंतरावर उस्तादांचे बूट.

त्यानं रायफल उजव्या खांद्याला लावली. गाल कुठे ठेवायचा ते गालाला कळेना. उजव्या डोळ्यासमोर लक्ष्याचा कागद पाण्यात पडल्यासारखा हलत होता. उस्तादांनी हात वर करून खाली आणला. पहिली गोळी कुठे गेली ते गोळीलाच ठाऊक. बोल्ट अर्ध्यात अडकला, उजवा हात घसरला, कोपर पिशवीवरून खाली आलं. मागे खुसखुस सुरू झाली. "बघा बघा, ह्याचं सुरू झालं," कुणीतरी म्हणालं. उचापतनं दात आवळून दुसरी मारली, तिसरी मारली. हसू वाढत गेलं. आयुष्यात पहिल्यांदा तो लोकांना हसवत नव्हता आणि लोक कधी नव्हे इतके हसत होते.

कागद ओढून आणले. त्याच्या कागदावर अगदी कोपऱ्यात एक भोक. दुसऱ्या गल्लीतल्या पेलवाननं आपला कागद उजेडात धरला. "मला पाचच गोळ्या दिल्या होत्या ना? इथे सहा भोकं आहेत. उचापत, माझ्या वाढदिवसाला अजून वेळ आहे रे."

"नाटकं पुरे," उस्ताद म्हणाले. "तुझं परत घेतो. शेवटी."

मग सहाव्या गल्लीतला कागद आला, आणि उस्ताद खुर्चीतून उठले. पाच भोकं, सगळी एका कपाच्या बशीखाली झाकली जातील अशी.

उस्तादांचा चेहरा असा फुलला की बघवेना. "ह्याला म्हणतात शिकणं," ते सगळ्यांना कागद दाखवत म्हणाले. "आठवड्यापूर्वी ढिगाऱ्यात मारत होत्या. मान सरळ ठेवा, उजवा खांदा सैल सोडा, सांगून सांगून माझा घसा बसला. या बाई, इथे पुढे या. पहिल्या गल्लीत मारून दाखवा, ह्या गाढवाला कळू दे."

बाई आल्या. ओल्या तरटाचे डाग कोपरांवर होते. उचापत बाजूला सरकला. त्या झोपल्या नाहीत. रायफल हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"उस्ताद, मी डावी आहे. तिकडे डाव्या खांद्यावरून मारल्या. उजवीकडून मला दिसत नाही. तुम्ही शिकवलंत त्यात काही कमी नव्हतं."

पेलवाननं उजेडात धरलेला कागद खाली घेतला.

उस्ताद रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते विझले. कागदाची घडी घातली. "बाई, नेम चांगला आहे तुमचा. पण रेंज म्हणजे व्हॅन नाही. व्हॅनमध्ये बंदूकवाल्याची जागा उजव्या बाकावर, मागच्या दाराशी. उजव्यानं धरली की नळी दाराकडे असते. डाव्यानं धरली तर नळी ड्रायव्हरच्या पाठीकडे. तिथे डाव्याला बसताच येत नाही, मी तरी काय करू?" मग आजूबाजूला बघितलं. जो माणूस व्हॅनवर सगळ्यात जुना, त्याच्यावर नजर थांबली. "सांग रे यांना. तू इतकी वर्षं बसतोयस. डाव्या माणसाला जमतं का तिथे?"

सगळे उचापतकडे बघायला लागले. बाईसुद्धा.

त्याला उत्तर माहीत होतं. इतकी वर्षं तो समोरच्या डाव्या बाकावर बसत होता. उजवीकडे मळमळतं असं त्यानं पेलवानला पटवलं होतं, एकदा पुराव्यादाखल पेलवानच्या बुटावर ओकूनही दाखवलं होतं. त्या बाकावरून डाव्या हाताची नळी बरोबर दाराकडे येते. आणि हे जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

"डाव्या माणसाला?" तो म्हणाला. "त्याला आधी व्हॅनचं दार तरी सापडतं का बघा."

हशा पिकला. सवयीचा, मोठा, छान हशा. बाईंनी रायफल त्याच्या बाजूला पिशवीवर ठेवली, बोल्ट मागे ओढून, नीट, शिकवल्याप्रमाणे. आणि आपल्या डब्याकडे जायला वळल्या.

त्यांच्या कोपरांवरचे ओले डाग उचापतला मागून दिसले. ते डाग त्याच्या ओळखीचे होते. त्याच्या सगळ्या शर्टांवर ते होते.

"जमतं," तो म्हणाला.

"काय?"

"डाव्याला जमतं. समोरच्या बाकावर बसलं की जमतं. मी बसतो."

परत हशा. पेलवाननं टाळीसाठी हात पुढे केला. "आज फॉर्मात आहेस."

"अरे मी खरंच डावा आहे."

"आणि मी खरंच पेलवान," पेलवान म्हणाला. आता तर लोक पोट धरून हसत होते. उचापत एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला. आयुष्यभर ह्यांना खोट्यावर विश्वास ठेवायला लावला, आता खरं कुणी फुकटातही घेईना. उस्ताद वैतागून म्हणाले, "उचापत, बाईंचं आज काय झालंय ते तुला दिसत नाही का? लाज वाटू दे जरा."

"तीच वाटतेय," तो म्हणाला, आणि पालथा पडला.

बाईंसाठी ठेवलेल्या पाच गोळ्या भरून रायफल डाव्या खांद्याला लावली. गाल जागच्या जागी बसला. मागचं हसू एकदम बंद पडलं, पंख्याचं बटण दाबावं तसं. उस्तादांच्या परवानगीची त्यानं वाट बघितली. पुष्कळ वेळानं त्यांचा आवाज आला, "मार."

डावा हात घोड्यावरून हलला नाही. उजव्यानं बोल्ट फिरवला. खट खट, खट खट. तिसरी पुंगळी उडाली ती थेट बाहीत गेली, आणि जुन्या डागावरच बसली. एरवी खांबामागे तो शिवी घालायचा. इथे घातली नाही. पाचही संपवून गाल दस्त्यावर ठेवून तसाच पडून राहिला, कारण उठलं की तोंड दाखवावं लागणार होतं.

कागद ओढून आणला, पण कुणी हातात घेऊन बघितलाच नाही. पाचही भोकं मधोमध एकत्र आहेत हे जिथून ते उभे होते तिथूनच दिसत होतं.

उस्ताद खुर्चीत बसले. "म्हणजे ते बुटाचं पॉलिश," ते म्हणाले. "खुर्चीचा पाय. ते सगळं."

"खांबासाठी," उचापत उठून बसला. "तुम्ही सहावीत पाठवावं म्हणून."

उस्तादांनी हातातल्या कागदाची घडी उलगडली, परत घातली. "मी घरी जाऊन सांगायचो," ते म्हणाले. "बायकोला सांगायचो, एक वेडा आहे आमच्याकडे, त्याला माझी चेष्टा केल्याशिवाय चैन पडत नाही. ती दरवर्षी विचारायची, यंदा काय केलं त्यानं."

यावर उचापतकडे विनोद नव्हता. त्यानं शोधला, पण नव्हता.

पेलवान आपल्या बुटाकडे बघत म्हणाला, "आणि ते ओकलेलं?"

"तेही."

"नवीन बूट होते रे."

उस्ताद उठले. व्हॅन आवारात उभी होती, तिच्यात चढले, बाईंना डाव्या बाकावर बसवलं, हातात रिकामी रायफल दिली. स्वतः ड्रायव्हरच्या सीटवर बसून मागे वळून नळी कुठे येते ते बघितलं, मग खाली उतरून दारातून बघितलं. दोनदा. बाहेर येऊन म्हणाले, "बसता येतं." आणि मग, कुणाकडेच न बघता, "मला कुणी कधी सांगितलं नाही." बाई पास झाल्या.

लोक पांगले. उचापत नळावर हात धुवायला गेला. भाजलेल्या जागी पाणी सोडून उभा राहिला. बाई शेजारच्या नळावर आल्या, चेहऱ्यावर पाणी मारलं.

"बाई, ती शिट्टी," तो म्हणाला. "ती मी."

"माहीत आहे." त्यांनी खिशातून पिवळी चिंधी काढली आणि नळाच्या कट्ट्यावर ठेवली. "कड बघा. चावल्यासारखी. उजव्या हाताची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांना लागत नाहीत, कापड मध्येच दुमडतं. कारखान्यात मी पहिले सहा महिने अशीच कापायची आणि बोलणी खायची. इथे माझ्याशिवाय डावा असा एकच माणूस आहे, हे मला हात लावताच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? ते तुम्हाला गेटवर पाठवायला निघाले होते."

"काय बोलणार? कसं ओळखलं, असं त्यांनी विचारलं असतं." बाईंनी तोंड पुसलं. "आणि मी कुणाला बोलणार नाही असं तुम्हाला म्हणाले होते की. त्या दिवशी, इथेच."

पाणी वाहत राहिलं. उचापतनं नळ बंद केला, मग काही सुचेना म्हणून परत चालू केला.

"हात कुठे ठेवायचा तेवढं सांगायचं होतं, दादा," बाई म्हणाल्या. राग नव्हता, थकवा होता. "तिकडे खांबामागे ओल्यात पडून, पिशवीवर नळी टेकवून, माझं मलाच शोधायला लागलं. वेळ संपत आल्यासारखी घाई. नसतं सापडलं तर?"

त्या गेल्या. चिंधी तिथेच राहिली. उचापतनं ती उचलली आणि ऑफिसात गेला.

उस्ताद टेबलावर शिट्टी आपटत होते. आत राहिलेला अर्धा तुकडा निघत नव्हता. फुंकली की ती म्हाताऱ्या बदकासारखी वाजत होती.

"द्या इकडे," उचापत म्हणाला. खुर्ची ओढली नाही, उभ्या उभ्याच पिन घेऊन कोरायला लागला. पिन त्यानं डाव्या हातात धरली होती. उस्ताद त्या हाताकडे बघत होते.

"बाईंचा हलगर्जीपणा नव्हता," तो कोरता कोरता म्हणाला. "मी कोंबली होती. तुम्ही बोललात त्याच्या आधी. पण बोलल्यावरही गप्प राहिलो."

उस्तादांनी चाचणीचे कागद एकावर एक रचले.

"सकाळी मी काय म्हणालो होतो?" त्यांनी विचारलं.

"गेट."

"डावा आहेस म्हणून नाही."

"नाही. समजलं."

"व्हॅनच्या चाव्या पेलवानकडे दे. आणि तुझा तो बाक कुठे हलतो, कुठला पट्टा सैल आहे, ते बाईंना आजच सांग. नीट सांग. त्यांनी विचारायची वाट बघू नको."

तुकडा निघाला. पिवळा, लाळेनं भिजलेला, कडेला चावलेला. उचापतनं शिट्टी शर्टाला पुसली आणि पुढे केली. उस्तादांनी ती घेतली, उजेडात धरून आत बघितलं, करंगळीनं चाचपलं. फुंकून बघितली. वाजली. परत एकदा फुंकून बघितली. मग ती गळ्यात घातली नाही, रोजच्या खिळ्यावर टांगली नाही. शर्टाच्या वरच्या खिशात ठेवली आणि खिशाचं बटण लावलं.